स्वच्छ हातांची अडचण

वस्तीतल्या मुलांचे हात स्वच्छ आहेत, ही गोष्ट सेवादौऱ्याच्या पहिल्याच सकाळी उघडकीस आली आणि दलात काळजीचे वातावरण पसरले.

दल शहरातल्या एका सुखवस्तू चर्चच्या मंडळीचे होते. सर्वांचे सदरे निळे, प्रत्येकाच्या छातीवर छापलेले कबुतर. दलप्रमुख दातांच्या डॉक्टर होत्या. ‘प्रभूच्या नावाने हात धुवा’ हा कार्यक्रम त्यांनी मोठ्या मेहनतीने बसवला होता: प्रार्थना, गीत, प्रात्यक्षिक, पुन्हा गीत. बॅगा उचलायला त्यांनी नवऱ्याला आणले होते. तो एका विमा कंपनीत हिशेब तपासत असे आणि घरात कशालाच हरकत घेत नसे.

प्रार्थनागृहात मुले ओळीने उभी राहिली. दलाने गीताची पहिली ओळ म्हटली. उरलेली सगळी कडवी मुलांनीच म्हटली, हातवाऱ्यांसकट.

“बाई, तिसऱ्या कडव्यात अंगठा चोळायचा असतो,” एक मुलगी म्हणाली. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. “तुम्ही मनगट चोळताय.”

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“हिरव्या सदऱ्यांनी. त्यांच्या आधी पिवळ्यांनी. पिवळे जरा घाईत होते.”

दलप्रमुखांनी रखवालदाराला बाजूला घेतले. प्रार्थनागृहाच्या किल्ल्या त्याच्याकडे असल्यामुळे वस्तीतला सर्व परोपकार त्याच्याच हातून जात असे.

“अहो, यांचे हात लख्ख आहेत! मी आता धुवू काय?”

“काय करणार मॅडम, मागचं दल फार कष्टाळू निघालं.”

“धुण्याआधीचा फोटो लागतो मंडळीला. तोच नसेल तर नंतरच्या फोटोला अर्थ काय?”

मुद्दा शास्त्रीय होता. हात मळवणे प्राप्त होते. पण अंगणात हिरव्यांनी फरशी घातल्यामुळे वस्तीत माती उरली नव्हती. रोपवाटिकेतून माती मागवून चिखल करण्यात आला. दलातल्या एका आईने चिखलात जंतू असतील अशी शंका काढली, तेव्हा तो उकळून घेण्यात आला. उकळलेल्या चिखलाला घाण म्हणावे का, यावर बरीच चर्चा झाली. अखेर तो रंगाने घाण आणि प्रकृतीने निर्मळ आहे, असे ठरले.

चिखलासाठी हात पुढे करताना चष्मेवाली म्हणाली, “बाई, मला भागाकार शिकवाल का? सोमवारी मोठ्या शाळेची प्रवेशपरीक्षा आहे. नापास झाले तर आत्या खोक्यांच्या कारखान्यात लावणार आहे मला.”

“बाळ, भागाकार आमच्या कार्यक्रमात बसत नाही गं. पण आपण प्रार्थना करू हं.”

“हिरव्यांनीही केली होती,” ती म्हणाली आणि हात मळवून घेतले.

दलाने मनापासून प्रार्थना केली. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना दलप्रमुखांचा नवरा साबणाच्या खोक्यावर बसून कंटाळत होता.

“काय गं, कुठं अडतं तुझं?” त्याने हळूच विचारले.

“भाग पुरा जाईना झाला की घाबरायला होतं, काका.”

त्याने खोके फोडले. “पन्नास वड्या आहेत. आठ पोरं. सारख्या वाटून दाखव बघू.”

चष्मेवालीने वड्या जमिनीवर मांडल्या. “आठ सक अठ्ठेचाळीस. प्रत्येकी सहा. दोन उरल्या.”

“उरल्या त्यांचं काय करायचं?”

“त्या रखवालदारकाका नेतात.”

“शाबास! त्यालाच बाकी म्हणतात.”

रोजच्या प्रार्थनेत हा वर्ग चालू राहिला. प्रार्थना लांबली की भागाकारही मोठा होई. शेवटच्या दिवशी दलप्रमुखांनी एक डोळा उघडला.

“अहो! साबण वाटायचा असतो, मांडायचा नसतो!”

“वाटतोच आहे,” नवरा म्हणाला.

सोमवारी परीक्षा झाली आणि चष्मेवाली उत्तीर्ण झाली. आत्याने कारखान्यात निरोप पाठवला की पोरगी येणार नाही. दलप्रमुखांनी मंडळीला कळवले: ‘साबणाच्या नियमित वापराने वस्तीतील मुलीस मोठ्या शाळेत प्रवेश.’ या वाक्यात काहीही खोटे नव्हते.

साबणाचा ओघ सुरू झाला. दले जोडीने येऊ लागली. एकाने धुतलेले हात दुसऱ्यासाठी पुन्हा मळवावे लागत. चष्मेवालीच्या धाकट्या भावाने नव्या दलाकडे भागाकार मागितला, त्याला वड्यांचा दुप्पट वाटा मिळाला. दलप्रमुखांचा नवरा पुन्हा यायला तयार होता, पण आता सामान ट्रकने जात असल्यामुळे त्याची गरज उरली नव्हती.

मंडळीचा छायाचित्रकार मात्र मुद्दाम आला. चष्मेवाली नव्या शाळेची वही छातीशी धरून उभी राहिली.

“वही खाली ठेव,” तो म्हणाला. “हात झाकले जातायत.”

तिने वही खाली ठेवली आणि दोन्ही तळवे पुढे केले. फोटो फार छान आला. तुमच्यापर्यंतही तो पोहोचला, तुमचे डोळे भरून आले आणि तुम्ही लगेच विचारलेत, “साबण कुठे पाठवायचा?”