रज्जाकभाईंची पाठ आणि सहा ड्रम

आमचे शेजारी रज्जाकभाई कुठलीही वस्तू आधी पाठीनं बघतात. वाक्य चुकलेलं नाही. मी छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, वाक्य तपासूनच लिहितो. गेल्या वर्षी आम्ही फ्रिज घेतला. जळकोटात कुणाकडं फ्रिज आला की शेजारीपाजारी येतात, दार उघडून आत डोकावतात, "जरा महागच पडला" म्हणतात आणि चहा पिऊन जातात. रज्जाकभाई आले ते फ्रिजकडं पाठ करून फरशीवर बसले, टेकले आणि डोळे मिटून म्हणाले, "चालू करा, गुरुजी."

दोन मिनिटांनी उठले. "मशीन बेस हाय. पन डाव्या अंगाचा पाय अधांतरी हाय. पुठ्ठा घाला."

पुठ्ठा घातला आणि आठवडाभर चाललेली घरघर थांबली. तेव्हापासून आमच्या घरात माझ्या शब्दापेक्षा रज्जाकभाईंच्या पाठीला जास्त मान आहे. पिठाची गिरणी असो, मोटारसायकल असो, एस.टी.ची सीट असो, ते पाठ लावून बघणार आणि निकाल देणार. कुणी शंका काढलीच तर एकच उत्तर, "पाठ खोटं बोलत न्हाय."

ही पाठ घडली ऑर्केस्ट्रात. रज्जाकभाई तरुण होते तेव्हा आमच्या भागात एक ऑर्केस्ट्रा होता. जत्रा म्हणू नका, लग्नं म्हणू नका, गणपती म्हणू नका, त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. रज्जाकभाई त्यात वीस वर्षं होते. काय वाजवायचे? काही नाही. ते बसायचे. हसू नका, ते कामच होतं. ड्रम वाजवणारा पायानं पेडल मारतो आणि त्या दणक्यानं मोठा ड्रम हळूहळू पुढं सरकतो. आमच्याकडचं स्टेज म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या आणि वर फळ्या. पुढं वीट लावली तर विटेसकट ड्रम पब्लिकच्या अंगावर जायचा. म्हणून ड्रमला पाठ लावून, पाय फळीत रोवून एक माणूस बसवत. तो माणूस म्हणजे रज्जाकभाई.

वाजवायचे दिगंबर मास्तर. दिवसा सायकलचं दुकान, एरवी ड्रम. दोघं जिवाभावाचे मित्र, पण गंमत बघा, वीस वर्षांत रज्जाकभाईंनी मास्तरांना वाजवताना एकदाही बघितलं नाही. तोंड कायम पब्लिककडं. मास्तर त्यांना कळले ते पाठीतून. त्याचाही त्यांना केवढा अभिमान. "दिगंबरनं वीस वर्सं माझ्या पाठीत लाथा घातल्या गुरुजी, एक बी वाया गेली न्हाय," असं ते पाहुण्यारावळ्यांना सांगायचे. पाहुणे बिचारे चहाचा कप हातात धरून आमच्याकडं बघायचे.

पुढं डीजे आला आणि ऑर्केस्ट्रा बसला. मास्तर आजारी पडले. एक दिवस त्यांनी ड्रमचा सेट परस्पर कुणाला तरी देऊन टाकला. रज्जाकभाईंनी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाले, "वाजवणाऱ्याकडं गेलाय. तू त्याची समाधी बांधून ठेवली असतीस." दोन महिन्यांनी मास्तर गेले. सेट कुणाकडं आहे ते सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून रज्जाकभाई तो सेट शोधायला लागले. कुठं जुना ड्रम पडलाय असं कानावर आलं की निघाले. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला छंद लागला. छंद कसला, हरवलेलं माणूस हुडकावं तसं चाललं होतं. पहिला सेट आमच्या भागातल्या वाशीहून आला. त्याच्या बदल्यात घरची गाभण शेळी गेली आणि भाभी चार दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. सेट घरी आला की अंगणात मांडायचा, मोठ्या ड्रमला पाठ लावून बसायचं आणि जो सापडेल त्याला पेडल मारायला लावायचं. पोस्टमननंसुद्धा मारलंय. मग डोळे उघडून म्हणायचं, "न्हाय. त्यो न्हाय."

बरं, तो नाही तर परत द्यावा की नाही? तेही नाही. "आलाय तर ऱ्हाऊ द्या. कुनाचा तरी असंलच की." असे सहा सेट झाले. सहावा माकणीच्या एका बँजो पार्टीकडून आणला. गोठ्यात कडब्याखाली पडला होता आणि अंगावर लाल चकचकीत कागद डकवलेला. त्याला पाठ लावून रज्जाकभाईंनी तोंड वाकडं केलं. "गादीला टेकल्यागत वाटतंय. ह्यात जीव न्हाय."

पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. भाभींना त्याचा राग होताच, पण त्यांचा खरा राग ऑर्केस्ट्रावर आणि तो फार जुना. माहेरहून आणलेली, आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली निळ्या काठाची वाकळ रज्जाकभाईंनी थंडीत कार्यक्रमाला नेली आणि हरवली. टेंपोतून वाटेत पडली म्हणे. नवरा-बायकोचं भांडण कशावरूनही सुरू होवो, मिठावरून होवो की मेव्हण्यावरून, ते शेवटी वाकळीवर यायचं. वाकळ निघाली की रज्जाकभाई टोपी घालून मशिदीकडं निघायचे, नमाजची वेळ असो नसो.

यंदा सुनेनं, शबानानं, पुढच्या खोलीत शिवणक्लास काढायचं ठरवलं. पोरगी गुणी. तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "अब्बा, एक सेट ठेवा. तुम्हाला आवडेल तो. बाकीचे शाळेला देऊ, पोरं तरी वाजवतील." वाजवणाऱ्याकडं जावा हे मास्तरांचंच म्हणणं, त्यामुळं रज्जाकभाईंना नाही म्हणता येईना. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावणं आलं.

"आज निकाल लावायचा, गुरुजी. तुमी पेडल मारा."

मी आयुष्यभर पोरांच्या परीक्षा घेतल्या, ड्रमची पहिलीच. ते एकेका ड्रमला पाठ लावायचे, मी मारायचो. मी जन्मात कधी टाळसुद्धा धड वाजवला नाही. "गुरुजी, चिखल तुडवू नका," असा शेरा मला दोनदा मिळाला. शेवटी वाशीचा सेट पास झाला. मास्तरांचा नाही, पण ठसका चांगला आहे, म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्यो काय आता घावत न्हाय, गुरुजी." मला वाईट वाटलं.

बाकीचे पाच शाळेला द्यायचे म्हणून शबाना पुसायला बसली. लाल ड्रमला गोठ्याचा वास मारत होता. आत उंदीर मेला असेल, असं म्हणून तिनं पुढचे स्क्रू सैल केले आणि ड्रमचं पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, उतरवलं. आत उंदीर नव्हता. चार पदरी घडी घालून, दोऱ्यांनी आवळून बांधलेलं काहीतरी होतं. तिनं एक पदर ओढून बाहेर काढला. काठ निळा होता.

भाभी चुलीपाशी होत्या. त्या उठून आल्या आणि खाली बसल्या. बोटांनी टाके चाचपले.

"ये मेरी वाकळ है," त्या म्हणाल्या.

आता भांडणाचा भडका उडणार म्हणून मी चपला शोधायला लागलो. पण भाभी टाकेच चाचपत राहिल्या. रज्जाकभाई ड्रमसमोर गुडघ्यावर बसले होते. त्यांनी आत हात घातला. पेडल बसतं त्या बाजूला काही नव्हतं. वाकळ बांधली होती ती अलीकडच्या बाजूला, जिथं त्यांची पाठ टेकायची बरोबर तिथं.

"दिगंबरनं बांधली," ते म्हणाले. "मला लागू नये म्हनून."

मग ते माझ्याकडं बघून म्हणाले, "आन म्या जगाला सांगत फिरलो, त्यानं लाथा घातल्या." त्यांनी टोपीनं डोळे पुसले. मी म्हटलं, रज्जाकभाई, पण मग पाठीनं कसं ओळखलं नाही? त्यांनी ड्रमच्या लाल कागदावरून हात फिरवला.

"ड्रम त्योच हाय, गुरुजी. पाय त्यो न्हाय."

वाकळ आता भाभींची होती. इतकी वर्षं मागितलेली, मिळालेली. त्यांनी ती सोडवली, अंगणात नेऊन झटकली, पुन्हा चार पदरी केली आणि परत आणून शबानाच्या हातात दिली. "होती तशी बांध," म्हणाल्या. "घट्ट बांध." शबानानं बांधली. पान चढवलं, स्क्रू आवळले.

वाशीचा सेट शाळेकडं जाणाऱ्या पाचांत गेला. शिवणक्लास सुरू झाला. कोपऱ्यात लाल ड्रम आहे आणि क्लासच्या पोरी त्यावर कापडं ठेवतात. क्लास सुटला की मला हाक येते. रोज नाही, पण येते. मी जातो, स्टुलावर बसतो, पेडलवर पाय ठेवतो. रज्जाकभाई ड्रमला पाठ लावतात, तोंड दाराकडं करतात आणि पाय फरशीत रोवतात. मी बिचकत, हळूच मारतो. म्हातारा माणूस, सत्तरीची पाठ.

"जोरात मारा, गुरुजी," ते मागं न बघता म्हणतात. "लागत न्हाय."