मासाम्बामामांच्या वाट्याचा भात

"सेनेगल? मला शिकवतोस? अरे, मी सेनेगल कोळून प्यायलोय!"

शनिवारी भल्या सकाळी, डाकारच्या टॅक्सीतळावर, पांढऱ्या विजारीची इस्त्री मोडू नये म्हणून पाय ताठ ठेवून सात सीटांच्या गाडीत शिरता शिरता आर्सेननं हे जाहीर केलं. गडी मूळचा काँगोमधल्या ब्राझाव्हिलचा. डाकारला संख्याशास्त्र शिकायला येऊन त्याला झाली होती जेमतेम दोन वर्षं! पण बकरीदेला मान्सूरच्या आईनं त्याला जेवू घालता घालता 'आजपासून तू आमचा मोदू दियोप' असं इथलं नाव बहाल केलं, आणि तेव्हापासून स्वारी जमिनीवर नव्हतीच.

शेजारी त्याचा वर्गमित्र मान्सूर दियोप जीव मुठीत धरून बसला होता.

"आर्सेन, तुझ्या पाया पडतो. तिथं गेल्यावर फक्त सलाम करायचा आणि गप्प बसायचं."

"अरे, लग्न तुझं ठरतंय! मी तर सँ लुई बघायला येतोय. लोखंडी पूल, घोडागाडी, पेलिकन! पुलावर उभा राहून फोटो पाठवतो म्हणून आईला कबूल केलंय मी."

आता मान्सूरची अडचण सांगतो. सँ लुईची न्दाते त्यांच्याच वर्गात, आणि दोघांचं जमलेलं. तिचे वडील राजी, आई राजी. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. न्दातेचे मामा! त्या घरात मामांना विचारल्याशिवाय कोंबडीसुद्धा खुडूक होत नसे. मामा आज संध्याकाळी येणार, मुलगा बघणार आणि काय ते एकदाच सांगणार. नाही म्हणाले तर संपलंच! लाकडाच्या वखारीचा एक मालक न्दातेसाठी कधीचा टपून बसला होता.

लुगा गावापाशी पोलिसानं गाडी अडवली. कार्डं मागितली. आर्सेनच्या कार्डाची मुदत मागच्याच आठवड्यात संपलेली!

"उतरा खाली," पोलीस गुरकावला. आर्सेनच्या तोंडचं पाणी पळालं. मग पोलिसानं मान्सूरचं कार्ड पाहिलं आणि त्याच्या मिशा एकदम थरथरल्या.

"दियोप? या अल्ला! म्हणजे भातचोर! अहो बाकीचे, आपापले डबे सांभाळा!"

मान्सूरनं त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. "आणि तुम्ही न्दियाय! आमचे गुलाम! गुलामाला गणवेश कुणी शिवला?"

"खादाड!"

"महाखादाड!"

पोलीस पोट धरधरून हसला, कार्डं परत केली आणि म्हणाला, "जा रे बाबांनो. भातचोराच्या मित्राला पकडून माझ्या चुलीचं काय भलं होणार?"

"बघितलंस?" गाडी सुटल्यावर मान्सूर म्हणाला. "दियोप आणि न्दियाय, हे पणजोबांच्या पणजोबांपासूनचं थट्टेचं नातं. वाट्टेल ते बोलायचं, रागवायचं कुणी नाही. पण फक्त या दोन आडनावांतच हं!"

"ठाऊक आहे रे! आणि मीही दियोपच की."

मान्सूर बिचारा झोपी गेला. आणि आर्सेनच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. न्दातेचं आडनाव न्दियाय! म्हणजे तिचे वडीलही न्दियाय! मान्सूर हा असा लाजाळू. त्याच्याऐवजी आपणच सासऱ्याला चार दणदणीत शिव्या हाणल्या तर घर कसं पहिल्या फटक्यात खूश होईल! तो पुटपुटत शिव्या पाठ करू लागला. त्या नादात सँ लुई आलं, गावातली टॅक्सी पकडली, लोखंडी पूल आला आणि गेलासुद्धा. स्वारी डोळे मिटून पुटपुटतच होती.

गल्लीच्या तोंडाशी मान्सूर मागणीच्या मानाच्या कोला बिया आणि साखर घ्यायला थांबला. "ते निळं दार. तू हो पुढे. आणि लक्षात ठेव, गप्प!"

निळ्या दाराच्या आत अंगण होतं. अंगणात खुर्ची. खुर्चीत कडक खळ केलेला आकाशी झगा घालून एक भरदार म्हातारबुवा जपमाळ ओढत बसले होते. मामा संध्याकाळी येणार, म्हणजे हे वडीलच! उचलली जीभ लावली टाळ्याला.

"काय हो न्दियाय! पोट आहे की परात? दुसऱ्याच्या घरचा भात चोरून चोरून टकलावर काय तेज आलंय! उठा, मालक आलेत, पाणी आणा!"

जपमाळ थांबली. स्वयंपाकघरात कांदा चिरण्याचा आवाज थांबला. कोपऱ्यातल्या मेंढ्यानंसुद्धा चघळणं थांबवलं.

"मी," म्हातारबुवा एकेक शब्द तोलून म्हणाले, "फाल आहे. मासाम्बा फाल. न्दातेचा मामा."

मामा संध्याकाळी येणार होते हे खरं. पण शनिवारी बहिणीकडे मासे-भात शिजतो आणि मामांना दुपारीच येण्याची बावीस वर्षांची सवय, हे आर्सेनला कोण सांगणार?

दारात काहीतरी धपकन पडलं. ती साखर होती. तिच्यामागे मान्सूर उभा होता, भिंतीला धरून.

न्दातेचे वडील बाबाकार न्दियाय धावत बाहेर आले. झाला प्रकार ऐकला, झटकन भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि त्यांचे खांदे गदगदू लागले. अरेरे, रडताहेत बिचारे! आर्सेनला वाटलं, धरणी दुभंगावी आणि थेट ब्राझाव्हिलला निघावं.

"मेहुणे," वडील डोळे पुसत वळले, "पोरगं परदेशी आहे, काँगोचं. पण दियोपांनी नाव दिलंय, म्हणजे तो माझा गुलाम. गुलामाचा गुन्हा मालकाच्या माथी. मला बोला. चला, आधी जेवून घेऊ."

चटई पसरली. भली मोठी परात आली. लालभडक भात, मधोमध मासा, भोवती कोबी, कसाव्याचे कंद, गाजरं. सगळे गोल बसले, ज्यानं त्यानं आपल्यासमोरच्या भातावर नजर लावली. मामांनी मात्र हाताची घडी घातली.

"मी जेवणार नाही."

"का हो?"

"आज मी एक घास उचलला, दाजी, की सगळं सँ लुई म्हणेल, काँगोचा पोरगा खरं बोलला!"

झाली का पंचाईत! मामा उपाशी उठले की लग्न मोडलंच. न्दातेची आई ओढणीआड मुसमुसू लागली. न्दाते आर्सेनकडे असं बघत होती की तो माशाकडे बघू लागला.

"तुला मी लुगालाच सोडायला हवं होतं," मान्सूर कुजबुजला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पाहून आर्सेनला स्वतःच्या जिभेची पहिल्यांदाच खरोखरीची लाज वाटली.

"मामा," तो म्हणाला, "खादाड मी आहे. हवं तर सिद्ध करतो."

मामांनी तिरक्या नजरेनं माशाकडे पाहिलं. "कर. मी रोज खातो त्याच्या दुप्पट खायचं. वाढणार मी!"

आणि आर्सेन खाऊ लागला. मामा स्वतःच्या बोटांनी एकेक गोष्ट त्याच्यापुढे ढकलत होते. "ही कोबी. हा कसावा. गाजर राहिलं की! माशाचं डोकं कोण खाणार, तुझा काका?" पाव परात झाली. पट्टा सैल झाला. अर्धी झाली. पट्टा सुटला. पांढरी विजार तेलानं लाल झाली. पाऊण झाली आणि आतून, पाहुण्याचा मान म्हणून, भांड्याच्या बुडाची कडक खरवड आली!

"मान्सूरसाठी," असं मनात म्हणत त्यानं तीही चावली. मग तो सावकाश मागे कलंडला.

"बस्स, मामा! मी भातचोर! माझा बाप भातचोर! सगळी काँगो नदी भातचोर!"

"ऐकलंत?" मामा गरजले. "सगळ्यांनी ऐकलंत ना? दुसरी परात आणा!" त्यांनी झग्याची बाही मागे सारली. पुढे ते किती जेवले हे कुणी पाहिलं नाही. पाहायची हिंमतच नव्हती!

हात धुऊन मामांनी विचारलं, "नवरामुलगा कोणता? तो कोपऱ्यातला? आल्यापासून एक शब्द बोललेला नाही. असा जावई नशिबानं मिळतो. मंजूर!"

बायकांनी एकच जल्लोष केला. मान्सूर धावत आला आणि आर्सेनच्या गळ्यात पडला. "पोटावर नको!" आर्सेन किंचाळला.

संध्याकाळी तो मेंढ्याशेजारी चटईवर पडून होता, तेव्हा वडील हळूच वाकून त्याच्या कानाशी लागले. "बाळा, बावीस वर्षं! बावीस वर्षं हे बोलायला माझी जीभ शिवशिवत होती. पण बायकोच्या भावाला कोण बोलणार?" आणि त्यांचे खांदे पुन्हा गदगदू लागले.

घोडागाडी आर्सेननं ऐकली. पेलिकन म्हणे वरून उडत गेले. रविवारी दुपारी त्याला टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवा घालून नेत होते.

"आर्सेन, पूल आला! ऊठ, फोटो काढतो," मान्सूर म्हणाला.

आर्सेननं उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"काय रे," मान्सूर हसून म्हणाला, "सेनेगल कोळून प्यायलायस ना तू?"

"प्यायलो नाही रे," आर्सेन डोळे मिटून कण्हला. "खाल्लंय. आणि खरवडसुद्धा सोडली नाही."