मशीनमधली जागा

रूपलालला दोनदा चक्कर आली, म्हणून त्याची बायको भूमेश्वरी त्याला फुलचूरहून गोंदियातल्या एका स्कॅन सेंटरमध्ये घेऊन गेली. तिचा मोठा भाऊ ओमेश्वर न बोलावता सोबत आला. ज्यातलं काही कळत नाही त्यात सर्वांत पुढे राहायचं, एवढा एकच धंदा त्याने जन्मभर इमानाने केला होता.

मेंदूत रक्त नीट पोचतं की नाही, हे मशीन दाखवणार होतं. निम्मे फोटो निघाले आणि वीज गेली. खुशाल नावाचा टेक्निशियन जनरेटर बघायला गेला, रूपलाल लघवीला. बाहेर कोहमारा गावचं एक कुटुंब नंबर लावून बसलं होतं. आपल्या माणसाची जागा दुसऱ्याला घेऊ द्यायची नाही, हे ओमेश्वर एसटीत आणि लग्नाच्या पंगतीत शिकला होता. तो सरळ मशीनवर आडवा झाला.

जनरेटर सुरू करून खुशाल परत आला. पेशंटच्या तोंडाकडे पाहायची त्याला सवयच नव्हती. पाय दोन आहेत एवढं पाहून त्याने डोक्यावर मशीनचा पिंजरा लावला आणि मशीन सुरू केलं. ओमेश्वरही गप्प राहिला. राहिलेलं काम आपण निपटवतोय, अशी त्याची समजूत. बाहेर येऊन त्याने रूपलालला सांगितलं, झालं तुमचं. मशीनला घाबरलेल्या रूपलालने पुढे काही विचारलं नाही.

आता स्कॅनचे दोन तुकडे जोडायचे होते. दोन्ही डोकी जुळत नाहीत, तरी जोडू का, असं कॉम्प्युटरने तीनदा विचारलं. पेशंट हलला असेल, असं ठरवून खुशालने तिन्ही वेळा हो म्हटलं. मशीनला जेवढी अक्कल होती तेवढी चालवणाऱ्याला असती, तर पुढचं टळलं असतं.

डॉक्टरांनी जोडलेला स्कॅन पाहिला. डाव्या बाजूला रक्त कमी जातंय, नागपूरला न्या, कदाचित ऑपरेशन लागेल, असं ते म्हणाले. रूपलालचा चेहरा उतरला. भूमेश्वरी रडायला लागली.

"रडून काय होते? आजच न्या जवायाले," ओमेश्वर म्हणाला. "डोस्क्याच्या कामात टाइमपास नाही कराचा. कापा म्हनलं त कापा."

डोळे पुसत भूमेश्वरीने पडद्याकडे पाहिलं. कापलेल्या भोपळ्यासारखं डोकं बाजूने दिसत होतं. ती एकदम रडायची थांबली.

"डॉक्टरसाहेब, हे नाक ह्यांचं नाही. हे आमच्या बाबाच्या घरचं नाक आहे."

डॉक्टरांनी दोन्ही तुकडे वेगळे करून पाहिले. पहिल्यात सगळं ठीक होतं. रक्ताची खोट दुसऱ्यात होती, आणि ते नाकही. सगळ्यांनी ओमेश्वरकडे पाहिलं. मग त्याने कबूल केलं, आपण फक्त जागा धरली होती.

"मग नागपूरला तुम्हाला जावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "आजच."

ओमेश्वर खुर्चीवर बसला.

"आजच काऊन?" तो म्हणाला. "एवढी घाई काय्ची? लाईटच गेली होती न, मशीन बिघडून राहिली असन."