पंचविसावा महिना

लेकीने बटण दाबलं आणि सहा सेकंदांत बाबांच्या एकशे बारा तारखा कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या एका ओळीत आल्या.

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. नातेवाईक, मित्र, शिंपी, डॉक्टर, ज्याचा वाढदिवस असेल त्याला हयातभर ते सकाळी आठच्या ठोक्याला फोन करत आणि शेवटी ‘लवकरच भेटू’ म्हणत. मागल्या वर्षी घशाच्या दुखण्यात आवाज गेला, तेव्हा लेकीने त्यांची वाढदिवसांची यादी कॉम्प्युटरवरून त्यांच्या मोबाइलला जोडून दिली. तारीख जुळली की शुभेच्छा आणि ‘लवकरच भेटू’ असा मेसेज आपोआप जाणार होता. तो कधीच गेला नाही. बाबा तारखा मनाला येईल तशा टाकत, कुठे तिरकी रेघ, कुठे टिंब, कुठे नुसतंच ‘एप्रिल, विचारून घेणे’. कॉम्प्युटर असल्या नोंदींना तारीख मानायलाच तयार नसे. शेवटी बाबा एका बोटाने एकेकाला मेसेज लिहीत बसायचे.

ती यादी निदान नीट करून ठेवावी, एवढंच लेकीच्या मनात होतं. तारखा साफ करण्यात ऑफिसात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने एकदाच आज्ञा लिहून मॅक्रो करून ठेवला होता. बटण दाबलं की कॉम्प्युटर त्या निमूट पार पाडायचा. तोच तिने बाबांच्या यादीवर सोडला. मोबाइलची जोडणी अजून चालू आहे, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ड्रॉवरमध्ये बाबांचा मोबाइल थरथरला. आई तो रोज चार्ज करून ठेवायची. का, ते कुणी विचारलं नव्हतं. तो पुन्हा थरथरला. मग थांबेचना.

पहिला फोन आत्याचा.

“अगं, दादाचा मेसेज आलाय! वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि लवकरच भेटू म्हणतोय!”

“आत्या, ते कॉम्प्युटरचं काहीतरी...”

“माझा वाढदिवस नोव्हेंबरात. दादा कधी तारीख चुकायचा नाही. म्हणजे नोव्हेंबर मला दिसत नाही, असंच ना? मी गॅस बंद करून बसलेय. आता काय करू?”

“गॅस पेटव आणि जेवून घे!”

लगेच डॉक्टरांचा फोन. त्यांचा आवाज फारच हळू होता. “बाळा, घरी सगळं... म्हणजे, दाखल्यावर सही मीच केली होती. नाडी दोनदा पाहिली होती मी.”

“डॉक्टर, तुमचं काही चुकलेलं नाही.”

“बरं. नाही, तरी एकदा खात्री केलेली बरी.”

तेवढ्यात बेल वाजली. दारात शिंपी, चेहरा पांढराफटक, हातात घडी केलेली पँट.

“साहेबांची. चार महिन्यांपूर्वी टाकली होती. आज देतो, उद्या देतो करत माझ्याकडूनच राहिली. लवकरच भेटू म्हणाले, म्हटलं आपणच आधी पोचती करावी.” पँट तिच्या हातात कोंबून तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला.

लेक पँट हातात तशीच घेऊन कॉम्प्युटरकडे धावली. आता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ऑफिसात तारखा येतात त्या महिना आधी, दिवस नंतर, म्हणून मॅक्रो पहिला आकडा महिना समजत होता. बाबांच्या पंचवीस मार्चवर तो पंचविसावा महिना शोधत बसला. ऑफिसात रिकामी जागा चालत नाही, म्हणून न सापडणाऱ्या प्रत्येक तारखेच्या जागी आजची टाकायची, हेही तिनेच त्याला शिकवलं होतं. एकूण एकाहत्तर जणांचा वाढदिवस आज, तीन जुलैला होता. आणि मॅक्रोने केलेलं मागे घेता येत नाही.

यादीत सगळ्यात वर आई होती. सात मार्च उलटून तिचेही तीन जुलै झाले होते.

तीन महिने आई अर्धी पोळी खात होती आणि रोज संध्याकाळी म्हणत होती, “मला बोलावणं आलं की सुटले.” आणि आता बोलावणं आलं होतं, बाबांच्या नंबरवरून, मोजक्या शब्दांत.

आई स्वयंपाकघरात चष्मा लावून आपल्या मोबाइलकडे पाहत बसली होती.

“आई, माझी चूक झाली गं. तारखा उलटल्या. तुझी सात मार्च...”

“चूक कसली? आज माझा वाढदिवसच आहे.”

लेक खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली.

“लग्न ठरताना माझ्या भावाने कागदावर महिना आधी लिहिला. यांनी सात मार्च वाचलं. पहिल्या वर्षी अर्ध्या दिवसाची रजा काढून, घामाघूम होऊन फुलं घेऊन आले. तेव्हा कुठल्या तोंडाने सांगणार? म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू.” आईने चष्मा पुसला. “चाळीस वर्षं गेली त्यात.”

“आणि आम्ही दरवर्षी...”

“केक चांगला असायचा,” आई म्हणाली. “ती पँट कुणाची गं? ठेव आत. आणि मला पोळी वाढ. दोन वाढ.”

पोळ्या वाढून लेक पँट ठेवायला आत गेली. ड्रॉवरमध्ये मोबाइल पुन्हा थरथरला. तिने धसकतच तो उघडला. मेसेज आईचा होता.

‘तारीख एकदाची बरोबर आली. भेटायची मात्र घाई करू नका.’