विद्यार्थिकेंद्रित अध्यापन : एका यशस्वी कार्यशाळेचा वृत्तांत

शिक्षक हा जन्मभर विद्यार्थीच असतो, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. आमच्या कॉलेजने हे वचन इतकं मनावर घेतलं की आमच्या शिक्षकांना आता शिकवायला वेळच उरलेला नाही.

मी आमच्या कर्मचारी विकास कक्षाचा समन्वयक. (पूर्वी मी भूगोल शिकवत असे, असं काही जुने विद्यार्थी सांगतात.) गेल्या वर्षी कक्षाने ताणतणाव नियोजन, वेळेचं नियोजन, नियोजनाचं नियोजन अशा अनेक कार्यशाळा घेतल्या. 'ऐकण्याची कला' या कार्यशाळेत माइक सुरुवातीलाच बंद पडला आणि वक्ते काय बोलले ते कुणालाच कळलं नाही. तरी अभिप्राय उत्तम आले. वर्षअखेरीस शिक्षकांच्या गुणवत्तेत एकशे चार टक्के वाढ झाली. (वरचे चार टक्के ऑफिसकडून उसने घेतले आहेत. त्यांच्याकडे जास्त होते.)

ऑफिसलाही आम्ही उपाशी ठेवलं नाही. हेडक्लार्कनी 'हसतमुख सेवा' ही कार्यशाळा तीनदा केली. त्या काळात त्यांची खिडकी बंद होती, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही. शिपायाने 'नेतृत्वगुण' केल्यापासून पाणी आणणं सोडलं आहे. तो आता पाण्याबाबत दिशा देतो. पाणी आम्ही घरून आणतो.

पण दुधात मिठाचा खडा टाकणारी माणसं सगळीकडेच असतात. आमच्याकडे गणिताच्या बाई होत्या. बाईंची नेमणूक वर्षावर्षाची. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, शाळेत जाणारी मुलगी आणि कमावणाऱ्या त्या एकट्या. नव्या नियमाने नेमणूक पुढे चालू राहण्यासाठी कार्यशाळेचं एक तरी प्रमाणपत्र लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण सूचना घेऊन जावं, तर बाईंचं उत्तर ठरलेलं : तेव्हा माझा तास आहे. शिकवण्याचं हे व्यसन त्यांना कुठून लागलं, कोण जाणे. एका वर्षी मात्र मी त्यांना गाठलंच.

"सर, परीक्षा तोंडावर आलीये. इंटिग्रेशन अजून व्हायचंय."

"बाई, इंटिग्रेशन कुठे पळून जातंय? कार्यशाळा दोनच दिवस आहे."

"पण मुलांना येत नाही हो ते."

"म्हणून तर कार्यशाळा ठेवलीये."

विषय होता 'विद्यार्थिकेंद्रित अध्यापन'. जागा म्हणून बाईंचीच वर्गखोली घेतली, कारण सगळ्यात मोठी तीच. विद्यार्थ्यांच्या हितासाठी विद्यार्थ्यांना दोन दिवस वर्गात यायला बंदी केली. आदल्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूने, वेलबुट्टी काढून 'सुस्वागतम्' लिहून घेतलं.

पहिला दिवस दृष्ट लागण्यासारखा झाला. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी सर्वांना एकमेकांची ओळख करून द्यायला लावली. (वीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसणाऱ्या दोन प्राध्यापकांना एकमेकांचा विषय त्या दिवशी कळला. दोघेही थोडे हिरमुसले.) मग फुगे फुगवले. ज्याचा फुगा फुटला त्याने अपयश कसं पचवावं ते सांगितलं. बाई शेवटच्या बाकावर बसून मुलांचे पेपर तपासत होत्या, त्यामुळे त्यांचा फुगा रिकामाच राहिला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर अनर्थ ओढवला. आमच्याकडे रीत अशी, की दिवसभराच्या सह्या सकाळीच करायच्या आणि जेवण झालं की पांगायचं. ही रीत चांगली आहे. तिने कुणाचाही विकास अडत नाही. पण त्या दिवशी फोटोग्राफर जेवणानंतर आला. प्राचार्यांच्या खोलीत वामकुक्षी घेणारे तज्ज्ञही कार्यक्रमपत्रिकेतला 'आदर्श पाठ' पाहायला येतो म्हणाले. खोलीत खुर्च्या होत्या, बिल्ले होते, बाई होत्या, बाकी शुकशुकाट.

मी डगमगलो नाही. सायकल स्टँडवर टवाळक्या करणारी बाईंच्याच वर्गातली पोरं-पोरी धरून आणली आणि त्यांच्या छातीवर पांगलेल्या प्राध्यापकांचे बिल्ले लावले. त्यांत 'हजर' नावाने ओळखला जाणारा एक मुलगा होता. हजेरीच्या वेळी अर्ध्या वर्गाच्या वतीने वेगवेगळ्या आवाजात तोच ओरडायचा. त्याला मी भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख केला.

"बाई, दहा मिनिटं काहीतरी शिकवा," मी म्हणालो. "फोटोपुरतं."

बाई उठल्या. खोली त्यांचीच, फळा त्यांचा, समोर पोरंही त्यांचीच. त्यांनी डस्टर घेतलं आणि वेलबुट्टीसकट सुस्वागतम् पुसून टाकलं. (सांगताना आजही वाईट वाटतं.) आणि दहा मिनिटांचे चांगले दोन तास केले.

"बाई, म्हणजे या वाकड्या रेषेखालची जागा उभ्या पट्ट्या करून मोजायची?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"हो. पट्ट्या किती बारीक करशील?"

"संपतील इतक्या."

"त्या संपत नाहीत रे. तीच तर गंमत आहे."

बाकावर बोटाने पट्ट्या आखता आखता हजर एकदम म्हणाला, "आयला, कळलं की!" शेजारच्या पोरीने त्याला गप्प बसवलं, कारण तिलाही पुढचं ऐकायचं होतं. तेवढ्यात फोटो निघाला.

तज्ज्ञ दाराशी उभे राहून हे पाहत होते. समारोपात त्यांनी आधी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं नोकरी करून इतकं प्राथमिक अज्ञान इतक्या मोकळेपणाने कबूल करणारे प्राध्यापक आपण कुठेही पाहिले नाहीत, असं ते म्हणाले. बाईंच्या पाठात मात्र त्यांना गंभीर दोष आढळले : शिकवणाऱ्या व्यक्तीने विषय शिकवला, एकही खेळ घेतला नाही, फळा वापरला. बिल्ल्यांवर नुसती पदं होती, म्हणून मग त्यांनी समोर बसलेल्या प्रत्येकाला नाव विचारून प्रमाणपत्र दिलं; पोरांनी आपापली खरी नावं सांगितली. बाईंना दिलं नाही. कक्षाच्या नियमानुसार सहभागी म्हणजे जो बसून ऐकतो तो, आणि बाई दोन तास उभ्या होत्या.

"सर, माझी सही आहे दोन्ही दिवसांची," बाई म्हणाल्या.

"बाई, सही तर सगळ्यांचीच आहे."

बाईंनी खडूचे हात पदराला पुसले आणि पेपरांचा गठ्ठा उचलून त्या निघून गेल्या.

पुढचं सगळं नियमाने झालं. त्या वर्षी पोरांनी इंटिग्रेशनचे प्रश्न कसे सोडवले, याची चौकशी अजून चालू आहे. बाईंची नेमणूक प्रमाणपत्राअभावी संपली. रिकाम्या जागेवर प्रमाणपत्रधारकच घ्यायचा, असा नियम. आणि बाकीची पोरं पास होऊन गेल्यावर गणिताच्या पाठाचं प्रमाणपत्र असलेला, मोकळा माणूस एकच उरला : हजर. हजरचे दोन विषय राहिले होते, पण पदवी हे पूर्वप्रशिक्षण असतं. प्रमाणपत्र हे प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे.

"सर, मला शिकवता येत नाही हो," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"तुला शिकवायला कोण सांगतंय? पहिले सहा महिने कार्यशाळाच आहेत."

तो बाईंकडे विचारायला गेला. त्या म्हणाल्या म्हणे, "घे बाबा नोकरी. पण वर्गात जात जा." सुरुवातीला तो खरोखरच जायचा. आम्ही दोनदा समज दिली. आता सुधारला आहे. फुगे उत्तम फुगवतो.

बाई सध्या कापडाच्या दुकानात उभ्या असतात. मी पडदे घ्यायला गेलो होतो तेव्हा भेटल्या. आमच्या पुढच्या कार्यशाळेचं आमंत्रण दिलं. त्यांनी टर्रकन कापड फाडून दिलं. माणसाने मोकळ्या मनाने टीका स्वीकारावी, पण सगळ्यांनाच ते जमत नाही.

त्या दिवशीचा फोटो आम्ही मोठा करून प्रवेशद्वाराशी लावला आहे. तुम्ही तो पाहिला आहे. गेल्या जूनमध्ये मुलीला घेऊन प्रवेशासाठी आला होतात, तेव्हा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होतात. "शिक्षक बघ किती तल्लीन झालेत!" असं तुम्हीच म्हणालात. मग पार्किंगचं विचारलंत, कँटीनचं विचारलंत, कॉलेजला श्रेणी कुठली ते विचारलंत. गणित कोण शिकवतं, हे विचारलं नाहीत. विचारलं असतंत, तर आमची पंचाईत झाली असती.

मुलगी मात्र फोटोतल्या, फळ्यावर लिहिणाऱ्या पाठमोऱ्या बाईंकडे बोट दाखवून विचारत होती, "बाबा, या शिकवतात का इथे?"

"चल, उगाच फाटे फोडू नकोस," तुम्ही म्हणालात, आणि प्रवेश-अर्जावर सही केलीत. तुमचं हे सहकार्य आमचा कक्ष विसरलेला नाही.