सुखदेवभाऊंची बिनआवाजी चोरी

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट कळत नाही. अक्षर तर असं की चिठ्ठीवर साखर लिहून पाठवली की दुकानदार घरी फोन करून विचारतो. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही, पण कोणी वाचलंच तर चुका पोटात घाला.

तर, आमच्या शेजारचे सुखदेवभाऊ रोज दुपारी दोन ते चार कुजबुजतात.

भाऊ ज्यांना माहीत नाहीत त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या पिंपळगाव राजात हे कोणालाही सांगितलं तर तो पहिल्यांदा विचारतो, "डॉक्टरले दाखवलं का?" कारण भाऊंनी उभी जिंदगी खामगावच्या धान्यबाजारात हर्रासाची बोली पुकारली. ढिगाशेजारी उभं राहायचं आणि ट्रॅक्टर, हमाल, व्यापारी सगळ्यांच्या वर आवाज काढून भाव ओरडायचा. पुढे वय झालं, ते घरी बसले. आवाज काही घरी बसला नाही.

त्यांना हळू बोलताच येत नाही, आणि गुपितं सांगायची तर भारी हौस. प्रत्येक गुपिताच्या शेवटी म्हणतात, "हे तुझ्यातच ठेव बरं." माझ्या नणंदेची सोयरीक जमत होती तेव्हा आमच्या ओसरीत बसून त्यांनी आमच्या ह्यांना सांगितलं, "पोराचं वय दोन वर्सं कमी सांगून राह्यले. हे तुझ्यातच ठेव बरं." पोराकडची माणसं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरत होती. घरात आल्यावर पाणी पिण्याआधी पोराच्या मामाने स्वतःहूनच खरं वय सांगून टाकलं. सोयरीक मोडली नाही, हे नशीब.

भाऊंची एकुलती एक मुलगी रेखा नाशिकला दवाखान्यात नर्स आहे. बेबीताई, म्हणजे भाऊंची बायको, होत्या तेव्हा रेखाचा फोन त्याच घ्यायच्या. भाऊ कधी फोन कानाला लावत नसत. अंगणात उभे राहून ओरडायचे, "विचार तिले, जेवली का! विचार, नळाले पानी येते का!" मग बेबीताई फोनमध्ये म्हणायच्या, "बाबा विचारून राह्यले, जेवली का." रेखाने ते आधीच ऐकलेलं असायचं. नाशिकला फोनशिवायही ऐकू गेलं असतं, असं आमचे हे म्हणतात. पण रीत तीच होती. बाप आईला सांगणार, आई मुलीला सांगणार.

बेबीताई गेल्या आणि फोन भाऊंच्या हातात आला. आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"जेवली का?"

मग थोडा वेळ काही नाही.

"हाव. मी बी जेवलो."

पुन्हा काही नाही.

"ठेवू?"

एवढंच. आधी रोज, मग दिवसाआड, मग कधीतरी. बोलायला दोघांकडे काही नव्हतं असं नाही. कुठून सुरू करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

एकदा रेखा सुटीवर आली आणि आपला जुना लॅपटॉप भाऊंसाठी ठेवून गेली. त्यात तिने एक खेळ टाकून दिला. दोघांनी मिळून चोरी करायचा खेळ. ती नाशिकहून एक चोर चालवणार, हे पिंपळगावहून दुसरा. इमारतीत शिरायचं, पैशाच्या थैल्या उचलायच्या, बाहेर गाडी उभी असते तिच्यात टाकायच्या. मारामारी नाही, बंदूक नाही. फक्त चौकीदाराला दिसायचं नाही आणि ऐकू जायचं नाही. त्यातली गंमत अशी की चौकीदाराला खेळणाऱ्याचा खराच आवाज ऐकू जातो. इकडे आपण मोठ्याने बोललो की तिकडे तो बॅटरी घेऊन धावत येतो.

"बाबांसाठी मुद्दाम शोधला," रेखा मला म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली. "सस्ता हाये काकू, दोन किलो शेंगदाण्याच्या भावात आला. म्हणूनच त्यात चारच जागा हायेत. पन बाबांना चार लय झाल्या."

त्या चार जागांना भाऊंनी नावं देऊन टाकली. बंगल्याला सरपंचाचा बंगला, दागिन्यांच्या दुकानाला सराफा, जुन्या वस्तूंच्या घराला भंगार आणि शेवटच्या बँकेला नुसतं ब्यांक. चौकीदारांनाही नावं पडली. एक ढेऱ्या, एक झोप्या, एक मिशीवाला. झोप्यावर त्यांचा जीव. "सकाळपासून बसून हाये बिचारा," ते म्हणायचे, "याले कोनी चहा बी पाजत नाही काय?"

पहिले कितीतरी दिवस भाऊ सरपंचाच्या फाटकातच धरले गेले. रेखा सांगायची, "बाबा, हळू." भाऊ उत्तर द्यायचे, "हळूच बोलून राह्यलो ना मी!" हे ऐकून ढेऱ्या, झोप्या आणि मिशीवाला तिघेही एकदम यायचे.

मग भाऊंनी मनावर घेतलं. दुपारी जेवण झालं की ते आधी गल्लीभर फिरून शांतता करून यायचे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन सांगायचे, "सुमन, आता कुकर नोको लावू. आमी तिजोरीपाशी हावो." भंगारवाला गल्लीत आला की त्याने ओरडायच्या आत त्याला ओट्यावर बसवून हातात चहा द्यायचे. त्या भंगारवाल्याने पुढे आपली फेरीची वेळच दोनची करून घेतली. आमची शेळी एकदा सराफ्याच्या ऐन वेळी ओरडली, तेव्हापासून भाऊ तिच्याशी बोलत नाहीत. आणि गुरुवारी चोरी बंद. गुरुवारी त्यांचा उपास असतो. उपासाच्या दिवशी चोरी करायची नाही, असं त्यांनी रेखाला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

गावाला हा खेळ माहीत नव्हता. लोकांना फक्त खिडकीतून कुजबुज ऐकू यायची, आणि भाऊंची कुजबुज म्हणजे तुमचं-आमचं साधं बोलणं. "मांगचं दार उघडं हाये. चौकीदार गेला का? तू कॅमेरा बंद कर, मी थैल्या घेतो." एक दिवस पोलीस पाटील येऊन ओट्यावर बसले. बराच वेळ टोपी काढली, घातली. मग म्हणाले,

"भाऊ, गावात काही ऐकू येऊन राह्यलं."

"काय?"

"तुमी अन् रेखा ब्यांक फोडून राह्यले म्हनते."

"आजून नाही," भाऊ म्हणाले. "आज सराफा हाये."

पाटलांना आत नेऊन खेळ दाखवावा लागला. ते पाहायला बसले ते उठेचनात. शेवटी खुर्चीवरून अर्धे उभे राहून ओरडले, "मांगून घ्या भाऊ, मांगून! तो ढेऱ्या तिकडंच पाहून राह्यला!" झालं, ढेऱ्या इकडे वळला. भाऊंनी लॅपटॉपवरून हात काढले आणि म्हणाले, "पाटील, चोर पोलिसाच्या पायी धरल्या जाते, हे आजवर ऐकलं होतं. आज पाह्यलं."

एवढं करूनही गाडी सराफ्यापुढे सरकेना. भाऊंचा घसा कधीतरी चुकायचाच. तेव्हा रेखानेच तोड काढली. एका दुपारी भाऊ आमच्या दारात आले.

"सुमन, रेखा म्हनते तुले चोरीत घ्याचं."

मी पदर सावरला आणि हो म्हटलं. लग्न होऊन आल्यापासून भाऊंशी मी एवढंच बोलत आले. मी चोरीत जाणार हे ऐकून आमचे हे खाटेवरून पडायचेच राहिले. पण रेखाचं म्हणणं बरोबर होतं. "काकू, तुमचा आवाज तं काकालेही ऐकू येत नाही," ती म्हणाली, "चौकीदाराले काय येईन?"

ठरलं असं की बोलायचं यंत्र मी डोक्याला लावायचं. भाऊ एका हाताने चोर चालवणार आणि दुसऱ्या हाताने मला खुणा करणार. बाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं धरून एकमेकांना भाव सांगतात, त्यातलं भाऊंना सगळं येतं. त्यांनी मला शिकवलं. एक बोट म्हणजे चौकीदार. मूठ म्हणजे थांब. तळहात खाली म्हणजे बसून चाल. अंगठा म्हणजे चाल पुढे. मी त्या खुणा पाहायची आणि रेखाला हळूच सांगायची.

पहिल्याच दिवशी सराफा झाला. दुसऱ्या आठवड्यात भंगार. चाळीस वर्षं ओरडलेला माणूस माझ्या शेजारी ओठ घट्ट मिटून बसलेला असायचा. एखादी थैली गाडीत पडली की आनंदाने त्यांच्या मानेच्या शिरा फुगायच्या, पण तोंडातून शब्द निघत नसे. गाडी निघून गेली की मात्र उठून अंगणात जायचे आणि एकदाच "हाऽऽव!" म्हणून ओरडायचे. कडुनिंबावरचे कावळे उडायचे.

काही दिवसांनी खुणा वाढल्या. चौकीदार पाठमोरा असला की भाऊ बोटं तोंडाशी न्यायचे. म्हणजे, विचार, जेवली का. अंगठा तोंडात धरायचे. म्हणजे, विचार, पानी येते का. मी रेखाला सांगायची, "भाऊ विचारतात, जेवलीस का." रेखा म्हणायची, "हो म्हना. त्यांनी गोळी घेतली का विचारा." मी भाऊंना विचारायची, ते मान हलवायचे. दोघांच्या मधे बसून मी हे निरोप द्यायची तेव्हा बेबीताईंची खुर्ची आपण अडवून बसलो आहोत असं मला कधीकधी वाटायचं. पण ते बोलत होते. रोज दोन तास बोलत होते.

मग राहिली ब्यांक. ती करायच्या आदल्या दिवशी रेखा यंत्रातून माझ्या कानात म्हणाली, "काकू, हे झालं की खेळ संपला. पुढं त्यात काहीच नाही. दुसरा खेळ या लॅपटॉपवर चालत नाही, पाहून झालं. मग रोजचं कशाला, मी रविवारी फोन करत जाईन. बाबांना सांगून ठेवा."

मी लगेच सांगितलं नाही. संध्याकाळी भाऊ अंगणात झाडाला पाणी घालत होते तेव्हा भिंतीच्या अलीकडून सांगितलं.

"चारच व्हत्या ना," भाऊ म्हणाले. "सस्त्यातला हाये. इतलाच असन." आणि पाणी घालत राहिले. आळं भरून पाणी बाहेर वाहायला लागलं तरी घालत राहिले.

मला वाटलं, उद्या हे मुद्दाम चुकतील. एक आरोळी ठोकली की काम भागत होतं. पण दुसऱ्या दिवशी भाऊ इतके नीट खेळले की मी तसे कधी पाहिले नव्हते. झोप्याच्या खुर्चीमागून गेले, मिशीवाल्याच्या सावलीतून गेले. तिजोरी उघडली. रेखा आणि ते मिळून एकेक थैली उचलून मागच्या दाराशी आणत गेले. सगळ्या थैल्या दाराबाहेर आल्या. समोर गाडी उभी. आता थैल्या गाडीत टाकायच्या, की संपलं.

भाऊ थांबले. त्यांनी हाताची एक खूण केली, ती मला शिकवलेली नव्हती. मी गोंधळून पाहत राहिले. मग कळलं, ते डोक्यावरचं यंत्र मागत होते.

मी काढून दिलं. भाऊंनी ते दोन्ही हातांनी कानांवर नीट बसवलं. मला भीती वाटली, आता हे बोलणार आणि सगळी ब्यांक जागी होणार.

"रेखा," ते म्हणाले, "बाप बोलून राह्यलो."

मी त्यांच्या शेजारीच बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. दारात उभी असते तर आलं नसतं.

"हे पैसे परत ठिवून देऊ का व?"

तिकडून रेखा काय म्हणाली ते मला कळायला मार्ग नव्हता. यंत्र आता भाऊंच्या कानावर होतं.

"काऊन म्हंजे? कोनाच्या तरी पोरीच्या लग्नाचे असतीन." मग म्हणाले, "एकदम रविवारवर नोको जाऊ."

पडद्यावर रेखाचा चोर गाडीपाशी उभा होता. तो तसाच उभा राहिला. मग वळला, खाली वाकला आणि त्याने एक थैली उचलली. भाऊंनी दुसरी उचलली.

दोघे आत निघाले. दारातून, ढेऱ्याच्या पाठीमागून, जिन्याखालून. आणि भाऊ बोलत होते.

"हाव, भाकरच खाल्ली. अंबाडीची भाजी होती, सुमननं देल्ली. ... नाही, गुडघा बरा हाये. ... तुह्या आईची साडी? पेटीतच हाये. तू आली की काढू. ... रडून राह्यली का? चौकीदार ऐकीन ना व."

एकच थैली उरली तेव्हा मी हळूच उठले आणि घरी निघाले. दारातून एकदा मागे वळून पाहिलं. शेवटची थैली भाऊंनी तिजोरीत नेऊन ठेवली आणि रेखाच्या चोराने दार लावून घेतलं. ब्यांकेचे पैसे होते तसे सगळे परत गेले, आणि झोप्याला काहीच ऐकू गेलं नाही.