चामखिळीचं माप

"त्या बोटानं जावयाच्या गळ्याचं माप घेणार तुम्ही?" बायकोनं विचारलं, आणि मास्तरांचा दोरा सुईच्या नाकाशीच अडला.

शिंपीमास्तरांच्या उजव्या तर्जनीवर, आतल्या अंगाला, हरभऱ्याएवढी चामखीळ होती. दुकानाइतकीच जुनी. गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नव्हती. पण आता मुलीचं लग्न ठरलं होतं आणि "जावयाचा कोट माझ्या हातचा," असं मास्तर भर बैठकीत बोलून बसले होते.

"साधा विषाणू असतो, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "बोट कोमट पाण्यात भिजवा. औषधाचा थेंब फक्त चामखिळीवर, भोवती व्हॅसलीन. वरची मेलेली कातडी हलक्या हातानं घासा. धीर धरा."

"पसरते का हो?"

"पसरू शकते. टॉवेल वेगळा ठेवा."

बाकीचं सगळं मास्तरांच्या डोक्यावरून गेलं; 'पसरू शकते' तेवढं आत जाऊन बसलं. घरी आल्या आल्या त्यांनी बायकोचे हात उजेडात धरून तपासले, मग मुलीचे. मशीनचं चाक पुसलं. पहिलाच थेंब चांगल्या कातडीवर सांडला, तेव्हा ते मोरीत एका पायावर नाचले. त्यात जावईबुवा मापाला आले. मास्तरांनी बोटाला पट्टी गुंडाळली आणि सुई टोचली म्हणून ठोकून दिलं. जावयानं मात्र उजवा हात खिशातून काढला नाही.

"दोन्ही बाह्या सारख्याच असतात," तो म्हणाला.

'लग्नाआधीच एवढा ताठा!' मास्तरांना काळजीला आणखी एक विषय मिळाला.

चामखीळ पांढरी पडली, झिजली आणि एका सकाळी नाहीशीच झाली. तोवर मास्तरांनी कोटाला सुई लावली नव्हती. आता दिवस थोडे उरले होते. त्यांनी कोट झपाट्यानं शिवला आणि विहीणबाई मुलाला तो घालून बघायला घेऊन आल्या.

बटण काजापर्यंत पोचेना. पाठ ताणली गेली. जावई लाल झाला.

"श्वास घेऊ का?" त्यानं विचारलं.

"आमचा मुलगा सुटलाय असं म्हणायचंय का तुम्हाला?" विहीणबाईंचा आवाज चढला. "कोटाची ही तऱ्हा, मग लग्नात काय वाढून ठेवलंय आमच्यापुढं?"

दाराआड मुलगी रडवेली उभी होती. "काढा, काढा, बघतो," म्हणत मास्तरांनी कोट ओढायला सुरुवात केली. बाही अडकली, दोघांनी जोर लावला आणि कोट चढवताच खिशात परत गेलेला जावयाचा उजवा हात एकदाचा बाहेर आला. त्यानं तो पटकन पाठीमागं लपवला.

मास्तरांचं तिकडं लक्षच नव्हतं. कोट उलटा करून बघतात तर प्रत्येक शिवणीनं दुप्पट कापड गिळलेलं! त्यांनी एक चिंधी मशीनवर घातली. सवयीप्रमाणे सुईशेजारी बोट टेकवलं. कापडाची कड बोटाला लागून सरकली, थांबायच्या जागी थांबलीच नाही.

"गेली!" मास्तर ओरडले.

"कोण गेलं?" विहीणबाई दचकल्या.

"चामखीळ! अहो, कड तिला टेकवूनच मी आयुष्यभर शिवत आलो! डोळ्यांनी कधी बघितलंच नाही!"

विहीणबाईंना यातलं काहीच कळेना. जावयाला मात्र कळलं. त्यानं पाठीमागचा हात हळूच पुढं केला. तेच बोट, तीच बाजू, तसाच हरभरा.

"आईनं सांगितलं होतं, लग्न होईपर्यंत दाखवू नकोस," तो पुटपुटला. "स्थळ मोडेल म्हणाली."

विहीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मास्तरीणबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या लगबगीनं आत गेल्या आणि औषधाची उरलेली बाटली घेऊन आल्या. "हे घ्या जावईबापू, अगदी गुणकारी आहे. टॉवेल तेवढा वेगळा ठेवा."

"ठेव ती बाटली!" मास्तर गरजले. मग भीत भीत त्यांनी जावयाचा हात धरला आणि त्याला स्टुलावर बसवलं.

"इथं बोट टेका. हलवू नका," ते म्हणाले. "आधी कोट, मग औषध."